भाऊसाहेबांचा खून आणि दिगूमामाचं लग्न

मोशीच्या आमच्या घरात सगळ्यांची मिळून एक सकाळ कधी नव्हतीच. ज्याची जशी शिफ्ट, तशी त्याची सकाळ. पप्पा कंपनीची बस चालवायचे; ते अंधारात निघून जायचे आणि भर दुपारी तोंडावर टॉवेल घेऊन झोपायचे. दिगूमामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमच्याकडेच राहायचा. तो चाकणच्या एका कारखान्यात मशीन ऑपरेटर होता. एक आठवडा पहिली शिफ्ट, एक आठवडा दुसरी, मग तिसरी. त्यामुळे घरात कुणीतरी कायम झोपलेलं आणि कुणीतरी कायम जेवत असायचं. आई भाकऱ्या थापतानासुद्धा हात हलका ठेवायची, म्हणजे थपथप आतल्या खोलीत जाऊ नये. आम्ही कुजबुजतच मोठे झालो. आजही फोनवर मला लोक सांगतात, "जरा मोठ्यानं बोला." त्यांना काय माहीत, माझ्या मनात आतल्या खोलीत अजून कुणीतरी तिसरी शिफ्ट करून आलेलं असतं.

दिगूमामाचा देह पुढाऱ्याचा होता आणि स्वभाव सशाचा. उंच, भरलेला, कपाळ रुंद, मिशा झुपकेदार. पांढरे कपडे घालून रस्त्यावर उभा राहिला तर अनोळखी माणसं नमस्कार करून जायची, आणि मामा घाबरून परत नमस्कार करायचा. त्याचं लग्न जमत नव्हतं. कुणाला शेती हवी होती, आणि आजोळची शेती तर केव्हाच गेली होती. कुणाला स्वतःचा फ्लॅट हवा होता. कुणाला तिसरी शिफ्ट चालत नव्हती. मुलीकडचे घर बघायला यायचे तेव्हा आई मासवडीचा घाट घालायची. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, कांदा-लसणाचं सारण भरून वड्या करायच्या आणि वर झणझणीत रस्सा. पाहुणे पोटभर जेवायचे, मामाशी हसून बोलायचे आणि चार दिवसांनी निरोप पाठवायचे की पत्रिका जुळत नाही. उरलेली मासवडी आम्ही दुसऱ्या दिवशी शिळी खायचो. ती ताजीपेक्षाही चांगली लागते. मामा मात्र तिला हात लावायचा नाही.

मी तेव्हा पिंपरीच्या एका कॉलेजात चित्रफिती बनवण्याचा कोर्स करत होते. आमच्या सरांनी एक काम दिलं: असा माहितीपट बनवा, ज्यातलं अक्षर न् अक्षर खोटं असेल, पण सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरची रेष हलता कामा नये. माझ्या जोडीला शाहिद होता. त्याच्या अब्बांचं, युसुफचाचांचं, चाकण रस्त्याला गॅरेज होतं, आणि शाहिद कॅमेराही पान्यासारखा धरायचा. काय करावं यावर आम्ही गॅरेजमधल्या टायरांवर बसून डोकं खाजवत होतो, तेवढ्यात मामा स्कूटरचा ब्रेक दाखवायला आला. शाहिदनं त्याच्याकडे एकटक बघितलं आणि म्हणाला, "शितल, हा माणूस मरायला पाहिजे राव."

असे भाऊसाहेब जन्माला आले. भाऊसाहेब म्हणजे आम्ही बनवलेल्या लोकसंताप पक्षाचे थोर नेते. मंत्री व्हायला एक दिवस उरला असताना ते एका गतिरोधकाचं उद्‌घाटन करायला जातात, फीत कापतात, फटाक्यांची माळ लागते, आणि भाऊसाहेब कोसळतात. मग आमच्या माहितीपटाचा प्रश्न: भाऊसाहेबांना कोणी मारलं? टँकरवाल्यांनी, कारण त्यांनी रोज नळाला पाणी येईल असं वचन दिलं होतं? विरोधकांनी, मठ्ठ्यातून? की परदेशी हातानं? आणि सगळ्यात शेवटी, माझा खरजातला आवाज: "की मेले ते भाऊसाहेब नव्हतेच?" भाऊसाहेबांना आडनाव ठेवायचं आम्ही विसरलो. पुढे इतकं रामायण झालं, पण ते आडनाव कुणीही कधीही विचारलं नाही.

युसुफचाचा आमचे गोळीबारतज्ज्ञ झाले. हातात स्कूटरचा जुना पिस्टन धरून ते अतिशय गंभीरपणे म्हणाले, "गोली इधर से घुसी, तो उधर से निकलनी चाहिए थी. निकली नहीं. मतलब माल अंदर ही है." आईला आम्ही साक्षीदार केलं. तोंडावर पदर ओढून तिनं एकच वाक्य म्हटलं, "मी सगळं बघितलं, पण सांगायची न्हाई," आणि ते इतकं खरं वाटलं की पप्पांनी रात्री जेवताना तिला विचारलं, "नक्की काय बघितलंस गं?" भाऊसाहेबांचं पार्थिव आम्ही गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झेंडूच्या ढिगात निजवलं होतं. मामा तासभर निपचित पडून होता. आयुष्यात इतकं जमलेलं काम त्यानं दुसरं केलं नसेल. फक्त कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला तेव्हा तो सणसणीत शिंकला. परत घ्यायला वेळ नव्हता, कारण त्याची कंपनीची बस चुकली असती. मग मी मागून आवाज दिला: "जाता जाता भाऊसाहेबांनी व्यवस्थेविरुद्ध शेवटचा हुंकार दिला."

सरांनी पाठ थोपटली. शाहिदनं फिल्म नेटवर टाकली. सुरुवातीला 'हे सर्व काल्पनिक आहे' अशी पाटी होती आणि शेवटी आमची सगळ्यांची नावं. मग कुणीतरी सुरुवातही कापली, शेवटही कापला, आणि मधला तुकडा भोसरीपासून खेडपर्यंत फोनाफोनांतून फिरायला लागला. दूधवाला आईला म्हणाला, "चांगल्या माणसालाच मारत्यात बघा." मामाच्या कंपनीच्या कँटीनमध्ये कुणीतरी तो तुकडा मोठ्यानं लावला, आणि समोर बसून उसळ खाणारा मामा सोडून सगळे हळहळले. त्याच्या मशीनशेजारचा माणूस त्याला म्हणाला, "भावा, तुझ्यासारखेच दिसायचे रे साहेब. तू पण जरा जपून राहत जा." आणि मग एके दिवशी आमच्या चौकात फ्लेक्स लागला. मामाचा हात जोडलेला फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली परिसरातल्या दहा-बारा पोरांचे काळे चष्मे घातलेले फोटो. मामा रोज त्याच फ्लेक्सखाली डबा घेऊन बसची वाट बघत उभा राहायचा. वर बघणारा खाली बघत नव्हता आणि खाली बघणारा वर बघत नव्हता.

आई हादरली. "ज्याचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय, त्याला पोरगी कोन देणार?" असं म्हणून ती त्या पोरांकडे गेली आणि फ्लेक्स काढायला सांगितला. पोरं अदबीनं म्हणाली, "तेराव्यापर्यंत राहू द्या ना काकू."

नेमकं त्याच दिवसांत हिंजवडीजवळच्या माण गावचं स्थळ आलं. मुलीचं नाव वैशाली. हिंजवडीत एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायचं काम करायची. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या चुका दिवसभर शोधायच्या. तिला आई नव्हती, वडील होते. त्यांना सगळे नाथाबापू म्हणत. त्यांची जमीन आयटी पार्कात गेली होती, गोठ्याच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या होत्या, आणि बापूंना आता दिवसभर फोन बघण्यापलीकडे काम नव्हतं. या वेळी बोलावणं त्यांच्या घरी होतं. युसुफचाचांनी व्हॅन दिली, शाहिदनं चालवली. वाकडच्या पुढे गर्दीत अडकलो तेव्हा मामाचा इस्त्रीचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता. आई पदरानं त्याचा चेहरा टिपत म्हणाली, "हितं तरी नीट बोल. तोंड उघड जरा."

नाथाबापूंनी दार उघडलं. धोतर, टोपी, हातात फोन. त्यांनी मामाकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्यांनी गल्लीत डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आम्हाला जवळजवळ ओढून आत घेतलं आणि दाराला आतून कडी घातली. एकेक करून सगळ्या खिडक्या लावल्या. मामाला खिडकीपासून लांब, कपाटाच्या आडोशाला बसवलं. मग ते स्वयंपाकघरातून एक मोठा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "समद्यांनी आपापले फोन हितं टाका. ऐकत्यात ते." डब्यात ज्वारीचं पीठ होतं. पप्पांना वाटलं ही त्यांच्याकडची काही रीत असेल, म्हणून त्यांनी आपला फोन सगळ्यांत आधी टाकला.

बापू मामाच्या पुढ्यात उकिडवे बसले आणि हात जोडून अगदी हळू आवाजात म्हणाले, "भाऊसाहेब, तुमी जिवंत हाय, ह्ये कुणाकुणाला ठावं हाय?"

मामा म्हणाला, "मी दिगंबर."

"व्हय, व्हय. दिगंबर." बापूंनी डोळा मिचकावला. "म्या तवाच म्हनलं हुतं. म्येला त्यो दुसराच. त्या बाईनं सांगितलंय त्यात, म्येले ते भाऊसाहेब नव्हतेच. लई धीराची बाई हाय, आवाजच असा जाडाभरडा."

ती जाडीभरडी बाई मी. मी बोलायला तोंड उघडलं, तशी आईनं माझ्या मांडीला असा चिमटा काढला की त्याचा वळ दोन दिवस गेला नाही. तिच्याकडे बघितलं तर तिचे डोळे चमकत होते. मला तिचं मन स्पष्ट वाचता आलं. इतक्या वर्षांत दिगूला बघून हात जोडणारा हा पहिला मुलीचा बाप. तो वेडा असेल तर असू दे. बापू तर पुढे गेलेच होते. पोरगी देणं हे आपलं भाग्य, लग्न गुपचूप करू, मंडप नको, पत्रिका नको, नाव छापायचं नाही, असं त्यांचं चाललं होतं. आई मान डोलावत होती.

तेवढ्यात वैशाली पोहे घेऊन आली. काळीसावळी, ठसठशीत, केस घट्ट बांधलेले. बशा देता देता तिनं बंद खिडक्यांकडे बघितलं, पिठाच्या डब्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "बापू, मला यांच्याशी दोन मिनिटं बोलायचंय. गच्चीवर जातो."

"गच्ची न्हाई!" बापू ओरडले. "उघडी हाय समदी. समोरच्या इमारतीतनं निशाणा लागतो."

म्हणून ते दोघं स्वयंपाकघरात गेले, आणि दोघांनी एकटं बसू नये म्हणून आईनं मला पाठवलं. मी ओट्याला टेकून उभी राहिले. गॅसवर चहा उकळत होता. मामा ताठ उभा राहिला आणि शाळेत कविता म्हणावी तसं म्हणाला, "मी भाऊसाहेब नाही. मी ऑपरेटर आहे. मी मेलेलोही नाही. ही माझी भाची, तिच्या कॉलेजसाठी केलं होतं ते. तुमच्या वडिलांना सांगून टाका, आम्ही निघतो."

"मला माहीत आहे," वैशाली म्हणाली. "मी पूर्ण पाहिलीय फिल्म. शेवटी येणारी नावंसुद्धा. तुमचं घड्याळ आधी डाव्या हातात आहे, मेल्यावर उजव्या. फीत कापायच्या आधीच ती तुटलेली दिसते. आणि मेलेला माणूस शिंकतो का हो?"

"झेंडूमुळे," मामा म्हणाला. त्याचे कान लाल झाले. "मला झेंडू सोसत नाही."

"मग तसं सांगायचं ना. दुसरी फुलं आणली असती त्यांनी."

"शाहिदनं ढीगभर आणली होती. वाया गेली असती."

वैशाली हसली नाही. तिनं गॅस बारीक केला. "माणूस तुम्ही बरे दिसता," ती म्हणाली. "पण बापू भाऊसाहेबांना हो म्हणालेत. उद्या खरं कळलं की आयुष्यभर मला ऐकावं लागेल. त्यांना आज पटवा, मग बोलू."

बाहेर येऊन मामानं पटवायला सुरुवात केली. त्यानं खिशातून कंपनीचं ओळखपत्र काढलं. बापूंनी ते उलटसुलट करून बघितलं आणि कौतुकानं म्हणाले, "लई बारीक काम केलंय. फोटोत बी साधेच दिसताय." पप्पांनी त्याचं आधार कार्ड पुढे केलं. "आधार बी नवं काढलं? म्हंजी वरपर्यंत हात हाय तुमचा." शाहिद म्हणाला, "बापू, ते सगळं मी शूट केलंय. देवाशप्पथ." बापू त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, "तुझ्यावर किती दबाव असंल लेकरा, समजतंय मला." शेवटी मी म्हणाले की तो आवाज माझा आहे. त्यांनी म्हणून दाखवायला सांगितलं. घसा बसवून मी म्हटलं, "की मेले ते भाऊसाहेब नव्हतेच?" बापू टाळी देत म्हणाले, "बघा! पुन्यांदा सांगितलं तिनं!"

मग डब्यातल्या पिठात शाहिदचा फोन गाणं म्हणायला लागला. पप्पांना हसू आवरेना, ते खोकल्याचं सोंग करू लागले. आई मात्र हसत नव्हती. "जाऊ दे ना दिगू," ती कुजबुजली. "व्हय म्हन. लग्न झाल्यावर आपोआप कळंल त्यांना."

मामा उभा राहिला. मी त्याला घरात कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. आमच्या घरात कुणीच चढवत नसे. तेव्हाही त्यानं चढवला नाही, पण खोलीतलं सगळं थांबलं. "बापू, तुम्ही मुलगी देताय ती भाऊसाहेबांना. मला नाही. मला कुणी देत नाही, त्याची मला आता सवय झालीय. वाईट वाटतं, पण झोप लागते. दुसऱ्याच्या नावावर बायको आणली तर तीसुद्धा लागायची नाही. मला हे लग्न करायचं नाही. ताई, चल."

आईच्या हातातली बशी तशीच राहिली. वैशाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बापू मामाकडे बघत राहिले; त्यांच्या कपाळावर आठ्या गोळा होत गेल्या. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"थांबा," ते म्हणाले. "आयती पोरगी देतोय. वर मान देतोय. आन् ह्यो न्हाई म्हनतोय." ते स्वतःशीच बोलत होते. "मी एवढं वय काढलं. पुढाऱ्याला काय देऊ केलं आन् त्यो न्हाई म्हनला, असं म्या एकदा बी बघितलं न्हाई. हार म्हना, शाल म्हना, जमीन म्हना." त्यांनी मान वर केली. "तुमी भाऊसाहेब न्हाई."

"नाही," मामा म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. आणि बापूंचे डोळे भरून आले. "म्हंजी," ते म्हणाले, "म्हंजी भाऊसाहेब खरंच ग्येले."

आता या क्षणाला काय बोलायचं असतं, हे मला अजूनही कळलेलं नाही. शाहिदनं माझ्याकडे बघितलं, मी पप्पांकडे, पप्पांनी पोह्यांकडे. बापू धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते, आणि ते रडणं अगदी खरं होतं. मामा त्यांच्याजवळ खाली बसला. त्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "गेले, बापू. पण त्यांना त्रास झाला नाही. मी जवळच होतो." वैशाली तोंडावर ओढणी दाबून आत पळाली.

डोळे पुसून झाल्यावर बापूंनी खिडक्या उघडल्या, आम्हाला पिठानं माखलेले फोन परत दिले आणि अगदी वेगळ्या, रोकड्या आवाजात मामाला विचारलं, "कंपनीत पर्मनंट हाय का कंत्राटी?" खरा बघण्याचा कार्यक्रम तेव्हा सुरू झाला. गार झालेले पोहे सगळ्यांनी खाल्ले. कांदा चरचरीत होता, वर ओलं खोबरं भुरभुरलेलं, आणि मामानं दुसऱ्यांदा मागून घेतले.

बापू असे तसे हो म्हणणारे नव्हते. पुढचा आठवडाभर त्यांनी दिगंबर नावाच्या माणसाची चौकशी केली. ते चाकणला कंपनीच्या गेटसमोर चहाच्या टपरीवर जाऊन बसले, शिफ्ट सुटताना येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत राहिले. आमच्या मोशीत येऊन दूधवाल्याला भेटले. फ्लेक्सवाल्या पोरांनाही भेटले. मग एका दुपारी आईला फोन आला. आतल्या खोलीत पप्पा झोपलेले, म्हणून आई पदरात तोंड घालून "व्हय, व्हय," करत होती. फोन ठेवल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली. "काय म्हणाले?" मी विचारलं. "म्हनाले, समदीकडं विचारलं, कुटंबी काय लपवलेलं सापडलं न्हाई," आई म्हणाली. आणि मग पप्पांच्या झोपेची पर्वा न करता ती मोठ्यानं हसली. घरात असा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. पप्पा दचकून उठून बाहेर आले, त्यांना वाटलं बस चुकली.

लग्न माणच्या मंगल कार्यालयात झालं, मंडप, पत्रिका, बँड सगळ्यासकट. मामा अंतरपाटाच्या अलीकडे मुंडावळ्या बांधून उभा, पलीकडे वैशाली. बापूंनी त्या भागातल्या एका होऊ घातलेल्या पुढाऱ्यालाही बोलावलं होतं. पांढरे कपडे, गळ्यात सोन्याची साखळी, भोवती पोरं. मंगलाष्टकं सुरू होणार, तोच बापूंनी माईक हातात घेतला आणि जड आवाजात म्हणाले, "शुभ कार्याच्या आधी, आपल्यातनं ग्येलेल्या भाऊसाहेबांसाठी समद्यांनी उभं ऱ्हाऊन एक मिनिट शांतता पाळावी." अख्खं कार्यालय उभं राहिलं. खुर्च्या सरकल्या, मुलं गप्प केली गेली, भटजींनीही हात जोडले. माझ्या शेजारी शाहिद बूट बघत होता. अंतरपाट धरणाऱ्यांच्या हातातलं कापड थरथरायला लागलं होतं; पलीकडून मामी त्यातच तोंड लपवून हसत होती, हे मला एकटीलाच कळत होतं.

मिनिट संपलं, आणि त्या पुढाऱ्यानं हात पुढे करून माईक घेतला. "भाऊसाहेबांचे आणि माझे घरचे संबंध," तो म्हणाला. त्यानं रुमाल काढून डोळ्यांना लावला. "फार मोठा माणूस. आदल्याच दिवशी फोन आला होता मला. शेवटचं बोलणं त्यांचं माझ्याशीच झालं."

मी करवली म्हणून मामाच्या मागेच उभी होते. त्यानं मुंडावळ्या बाजूला करत मान जराशी वळवली, आणि आमच्या घरच्या त्या हलक्या, कुणाची झोप मोडू नये अशा आवाजात म्हणाला, "शितू, मला तर काहीच आठवत नाही गं."